तीन वाजताची मांजर

सुभेदारानं ती मांजर जन्माला घातली त्याला एकोणीस वर्षं झाली. कुठल्या पोटातून नव्हे, निळ्या शाईच्या पेनातून. तारीख त्याला आठवत नाही, पण वेळ पक्की आठवते. सकाळचे सव्वानऊ. कारण दुपारी तीनच्या फेरीची नोंद तो सकाळी सव्वानऊलाच लिहून मोकळा व्हायचा.

सुभेदार म्हणजे फौजेतला नव्हे बरं का. फौजेचा ट्रकसुद्धा त्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहूनच पाहिलेला. पण मिशा अशा, की दोन्हीकडं एकेक लिंबू ठेवावं आणि ते खाली पडू नये. नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका ट्रकवाल्यानं फाटकाशी येऊन आरोळी ठोकली, "ओ सुभेदार, उघडा की किल्ला!" आणि ते नाव त्याला गोचिडासारखं चिकटलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, बाकी कुठं नाही. बायकोसुद्धा रागावली की म्हणते, "या, सुभेदार, या."

किल्ला म्हणजे गोदाम. आत बेसिनं, कमोड, पितळी नळ आणि माणूसभर उंचीचे आरसे. गावच्या गाव तोंड धुऊन भांग पाडून बसेल एवढा माल खोक्यांत भरून ठेवलेला. तीन बाजूंना उंच भिंत, मागं मात्र तारेचं कुंपण आणि त्यात एक लोखंडी फाटक, कायम कुलूपबंद. पुढच्या केबिनपासून तिथवर चारशे बारा पावलं. सुभेदारानं ती मोजली होती. एकदाच.

दिवसपाळीला फेऱ्या पाच. नऊ, अकरा, एक, तीन, पाच. नियम असा, की फेरी मारायची आणि मग वहीत लिहायची. रीत अशी, की लिहून ठेवायची आणि मग जमलं तर मारायची. ही रीत काही सुभेदारानं काढलेली नाही. जिथं वही आहे आणि वहीसमोर खुर्ची आहे, तिथं ती आहेच. त्यातल्या त्यात हा गडी इमानी, चार फेऱ्या पायांनी मारायचा. पण तीनची वेळ म्हणजे डबा पोटात उतरलेला, पत्रे तापलेले, आणि गुडघे म्हणायचे, "तुला जायचं तर जा बाबा, आम्ही इथंच बसतो." म्हणून तीनची फेरी तेवढी पेनानं व्हायची.

तेव्हा सुपरवायझर नवा नवा लागला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक दिवस वही चाळत म्हणाला, "सुभेदार, तीनशे पासष्ट दिवस 'सर्व ठीक'? अहो, स्वर्गातसुद्धा इतकं ठीक नसतं. वरची माणसं वाचतात. अधूनमधून काहीतरी घडू द्या."

"काय घडू द्यायचं, साहेब?"

"ते मी कशाला सांगू? पण चोरी नको. पंचनामा होतो."

सुभेदारानं रात्रभर विचार केला नाही, त्याला तेवढी झोप प्यारी. सकाळी सव्वानऊला पेन उघडलं आणि लिहिलं, "३.०० मागच्या कुंपणाजवळ मांजर आढळली. हाकलली. फाटकाचे कुलूप पाहिले. सर्व ठीक." सुपरवायझरनं खाली सही ठोकली आणि सहीवर लिहिलं, "समक्ष पाहिले." दोघंही खूश. मांजरीची कुणाला तोशीस नाही, खायला लागत नाही, घाण करत नाही.

मग पाच-सहा दिवसांआड ती येऊ लागली. पहिल्या वर्षी नुसतीच मांजर होती, दुसऱ्या वर्षी करडी झाली. सुभेदाराचा डावा गुडघा धरला त्या उन्हाळ्यात ती डाव्या मागच्या पायानं लंगडत होती. थोरल्या लेकीला मुलगी झाली त्या आठवड्यात मांजरही व्यायली. पुढं आणखी दोनदा व्यायली, कारण लेकीला पुढं आणखी दोन मुलं झाली. वहीत लिहिता लिहिता सुभेदाराला तिचा लळाच लागला. घरी जाऊन बायकोलाही सांगायचा, "आज आली नाही ती. कुठं कडमडली कोण जाणे."

असं सगळं बरं चाललेलं. मग मॅडम आल्या.

मॅडम म्हणजे मुख्य कचेरीतून आलेली सुरक्षा अधिकारी. तिशीची पोर, बोलायला गोड, बघायला कडक. तिनं चौदा कॅमेरे बसवले, गार्ड लोकांच्या हातात एकेक फोन दिला, आणि सगळ्यांना ओळीनं उभं करून म्हणाली, "आता वहीत लिहायचं नाही. कॅमेरे बघतील, तुम्ही फोनमध्ये बोलायचं, आणि अहवाल हे यंत्र लिहील. कुणाला काही विचारायचंय?"

सुभेदारानं विचारलं, "त्याला आपली लिहायची पद्धत कशी कळणार, मॅडम?"

"म्हणून तर इथल्या जुन्या वह्या त्याला वाचायला दिल्यात, काका. सगळ्या. सत्तावन्न वह्या."

सुभेदाराला वाटलं, वाचू दे बिचाऱ्याला. माणसांनी तर कधी वाचल्या नाहीत.

जो लिहितो तो भाऊसाहेब, ही आपली जुनी समजूत. म्हणून गार्ड लोकांनी यंत्राचं नाव भाऊसाहेब ठेवलं. आणि भाऊसाहेबाचा हात काय सुंदर होता म्हणता! सुभेदार फोनमध्ये म्हणायचा, "एकची फेरी झाली. ठीक." की केबिनमधल्या पडद्यावर उमटायचं, "दुपारी एक वाजता सुरक्षारक्षकाने संपूर्ण परिसराची बारकाईने पाहणी केली. कोणतीही अनुचित बाब निदर्शनास आली नाही." सुभेदारानं घरी जाऊन बायकोला हे तोंडपाठ म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "बारकाईनं? तुम्ही? डोक्यावरचा चष्मा घरभर शोधता."

पहिल्या आठवड्यात भाऊसाहेब जरा गडबडला होता. पाच नंबरच्या गल्लीत आरसे उघडे उभे केलेले होते, आणि तिथून सुभेदार चालत गेला. लगेच सगळ्यांचे फोन कोकलले. "अकरा संशयित. एकसारखा गणवेश, एकसारख्या मिशा. अकराही जण एकाच वेळी कान कोरत आहेत." त्या दिवशी गार्ड लोकांनी हसून हसून पोटं धरली, आणि पुढचे आठ दिवस कुणीही सुभेदाराला भेटला की विचारायचा, "बाकीचे दहा कुठं आहेत?"

पण एक गोष्ट मात्र फार चांगली झाली. मॅडम म्हणाल्या, "काका, तीनच्या उन्हात तुम्ही मागं जात जाऊ नका. ती फेरी चौदा नंबरचा कॅमेरा मारेल." म्हणजे एकोणीस वर्षं चोरून घेतलेली झोप आता हुकमाची झाली. सुभेदारानं पहिल्या दिवशी खुर्चीत मान टाकली, पण झोप काही येईना. चोरीच्या बोरांची चव विकतच्या बोरांना कुठून यायची?

महिना संपला आणि मॅडमनी त्याला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. बाजूला सुपरवायझर उभा. आता त्याचं पोट सुटलं होतं, पण खिशाला पेनं अजून दोनच.

"काका, ही मांजर काय आहे?"

"कुठली मांजर, मॅडम?"

"कुठली काय? तुमचीच." मॅडम पडद्यावरून वाचू लागल्या. "'गेल्या एकोणीस वर्षांत मागील कुंपणाजवळ एकाच करड्या मांजरीच्या अकराशे छत्तीस नोंदी आढळतात. वेळ नेहमी दुपारी तीन. एक उन्हाळा ती डाव्या मागच्या पायाने लंगडत होती. तीन वेळा पिल्ले झाली. विशेष बाब अशी, की सुरक्षारक्षक रजेवर असताना ही मांजर एकदाही आलेली नाही. तिचा त्यांच्यावर जीव असावा असे दिसते.'"

मॅडमचा चेहरा अगदी मऊ झाला होता. "काका, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं..." सुभेदार मिशी ओढत म्हणाला. आणि ते खरंच होतं.

"पण आता ऐका. 'मांजर आत येते त्याअर्थी कुंपणाला भोक असावे. मांजर पकडावी, भोक शोधावे.' वरून तपासणीला माणसं येणार आहेत. आठ दिवसांत मला मांजर पाहिजे. पिंजरा आणलाय मी."

"मी स्वतः लक्ष घालतो, मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "मी तिला समक्ष पाहिलीय."

सुभेदार पिंजरा काखेत मारून बाहेर आला. आता आली का पंचाईत! खरं सांगावं, तर मांजर खोटी म्हणजे तीनची फेरी खोटी, फेरी खोटी म्हणजे सत्तावन्न वह्या खोट्या, आणि वह्या खोट्या म्हणजे सुभेदार घरी. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. नाही सांगावं, तर जी कधी नव्हतीच ती आठ दिवसांत धरून आणायची.

घरी बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. पिंजरा बघून म्हणाली, "उंदीर झालेत का तिकडं?"

सुभेदार खाली मान घालून पलंगाच्या कडेवर टेकला आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्यापासून, सव्वानऊपासून. बायको आधी ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग घडी घातलेल्या कपड्यांच्या ढिगावर आडवी होऊन ती खिदळली. हसून झाल्यावर मात्र ती ताठ उठून बसली.

"थांबा. म्हणजे ती व्यायली म्हणून मी बाटलीत दूध भरून दिलं होतं, ते?"

सुभेदार पिंजऱ्याची खिटी मागं-पुढं सरकवत बसला.

"तीन वेळा दिलं होतं! बाळंतिणीसाठी म्हणून! साय न काढता!"

"चहा केला त्याचा."

"आणि मला येऊन सांगितलंत, लपलप प्यायली म्हणून!"

"तसं... प्यायलो लपलपच."

बायकोनं पलंगावरची उशी फेकून मारली. मग तीच म्हणाली, कारण संसारात वाट शेवटी तीच काढायची, "धाकटीकडं करडं मांजर आहे की."

धाकटी म्हणजे तिची बहीण. तिचं मांजर पाहुण्यांच्या बुटांत मुतायचं, म्हणून घरात दोन वर्षं पाहुणा फिरकला नव्हता. सुभेदार मागायला गेला तेव्हा धाकटी म्हणाली, "भाऊजी, न्या. पण परत आणायचं नाही, आधीच सांगते."

सकाळी मांजर कापडी पिशवीत घालून सुभेदार कामावर निघाला. वाटेत पिशवीतून एक पंजा बाहेर आला आणि मिशीच्या उजव्या टोकाखाली तीन रेघा ओढून परत आत गेला. फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचं काम सुभेदाराचंच. त्यानं आपली पिशवी आपणच तपासली, ठीक म्हणाला आणि स्वतःला आत सोडलं.

साडेअकराला त्यानं पिंजरा मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. गालावर रक्त, छाती पुढं. सुपरवायझर बघताक्षणी म्हणाला, "हीच! हीच ती! मी कुठंही ओळखेन."

मॅडम खुर्चीतून उठल्या, वाकून पिंजऱ्यात बघितलं, मग पिंजरा उचलून खालून बघितलं.

"काका, हा बोका आहे."

सुभेदारानंही वाकून बघितलं.

"बोका?" सुभेदार म्हणाला.

"बोका. आणि चांगला ठणठणीत बोका. याला तीनदा पिल्लं झाली?"

सुपरवायझर छताकडं बघायला लागला. बेशुद्ध पडावं की काय, असा विचार सुभेदार करत होता, तोवर मॅडमनी तोच प्रश्न भाऊसाहेबाला घातला. पडदा लिहू लागला, "हा मूळ मांजरीचा मुलगा किंवा नातू असण्याची दाट शक्यता आहे. रंगसाम्य त्यास दुजोरा देते. मूळ मांजर वृद्धत्वामुळे आता येत नसावी."

"हां!" सुभेदार म्हणाला. "नातूच. तरीच मी म्हणतो, चेहरा ओळखीचा आहे."

बाहेर येऊन त्यानं घाम पुसला. असा साक्षीदार शोधून मिळायचा नाही, त्याला वाटलं. काय शब्द, काय आत्मविश्वास. मूळ मांजर वृद्धत्वामुळे येत नसावी म्हणे! एकोणीस वर्षं वहीत लिहिलं, पण एवढी सफाई आपल्या हाताला नव्हती.

बोक्याचा पिंजरा मॅडमच्या टेबलाखाली राहिला. सुभेदारानं डबा खाल्ला, खुर्चीत मान टाकली, आणि आज कितीतरी दिवसांनी झोप कशी गोड लागली. जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. समोरच्या पडद्यावर भाऊसाहेबाची तीनची नोंद आलेली. डोळे चोळत त्यानं वाचली.

"३.०० मागच्या कुंपणाजवळ मांजर आढळली. हाकलली. फाटकाचे कुलूप पाहिले. सर्व ठीक."

त्यानं परत वाचली. 'बारकाईने पाहणी' नाही, 'निदर्शनास' नाही. हे भाऊसाहेबाचं बोलणं नव्हतं. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, पेनाच्या टोकापर्यंत ओळखीचं. सकाळी सव्वानऊचं वाक्य. आणि बोका तर मॅडमच्या टेबलाखाली कोंडलेला. मग कुंपणाशी आहे कोण?

खोटं कशाला बोला, सुभेदाराच्या अंगावर काटा आला. एकोणीस वर्षं जिचं पोट, पाय, बाळंतपण सगळं लिहिलं, ती खरंच येऊन तर बसली नाही? तो उठला. गुडघे काही म्हणायच्या आत चालू लागला. चारशे बारा पावलं.

कुंपणाशी मांजर नव्हती. चौदा नंबरच्या कॅमेऱ्यावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, चांगलं लिंबाएवढं, बरोबर काचेवर. आणि फाटकाच्या कडीत कुलूप नव्हतं. ते खाली पडलेलं, कापून दोन तुकडे. फाटकापलीकडच्या गवतात नळांची तीन खोकी शिस्तीत एकावर एक रचलेली, वर वाळका पाला. न्यायला कोणीतरी येणार होतं.

सुभेदारानं बोंब ठोकली.

पाच मिनिटांत मॅडम आणि सुपरवायझर धावत आले. मॅडमनी खोकी बघितली, कुलूप बघितलं. सुपरवायझरनं मात्र हातातला फोन बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"मॅडम, तीन वाजताचा अहवाल बघा. 'कुलूप पाहिले. सर्व ठीक.' तीनला कुलूप जागेवर होतं. आणि हे बघा, तेरा नंबरचा कॅमेरा. तीन वाजून बारा मिनिटं. इकडं एकच माणूस आलाय." त्यानं फोन वळवला. पडद्यावर मिशाच दिसत होत्या. "सुभेदार, तुम्हाला तर इकडं यायचा हुकूम नव्हता. मग आज बरे आलात?"

"साहेब, काय बोलताय? एवढ्याशा वेळात मी कुलूप कापून तीन खोकी वाहिली? माझे गुडघे बघितलेत का?"

"ते साथीदारांनी केलं असेल. आणि हा कॅमेऱ्यावरचा चिखल? तोही आत्ताच फासला असेल."

"चिखल नाही तो, माशीचं घर आहे. शहरात वाढलात म्हणून काय..."

"काका," मॅडम म्हणाल्या. आवाजातला गोडवा गेला होता. "यंत्र म्हणतं तीनला सगळं ठीक होतं. ते खोटं कशाला लिहील? त्याला काय मिळणार आहे?"

आता सुभेदार अडला. एका बाजूला चोरीचा आळ, दुसऱ्या बाजूला सत्तावन्न वह्या. त्यानं कापलेल्या कुलपाकडं बघितलं, माशीच्या घराकडं बघितलं. मग टोपी काढून काखेत धरली.

"मॅडम, तीनला इथनं मांजर हाकलली म्हणतो तो. बोका तर तुमच्या टेबलाखाली आहे."

"दुसरी असेल," सुपरवायझर म्हणाला. "ती म्हातारी. याचीच आजी."

"दुसरी नाही. म्हातारी नाही, लंगडी नाही, व्यायलेली नाही. मांजर कधी नव्हतीच, मॅडम. तीनची फेरीही नव्हती. ते वाक्य माझं आहे. रोज सकाळी सव्वानऊला मी ते खुर्चीत बसून लिहायचो. चाललेल्या माणसाच्या वाक्यात पायाखालचं काहीतरी येतं, कुठं ओल, कुठं काच फुटलेली. बसलेल्याच्या वाक्यात नुसतं 'सर्व ठीक' येतं. तुमचा भाऊसाहेब आज बसून लिहितोय. माझंच बघून शिकलाय."

मॅडमनी फोन तोंडाशी धरला. "आज तीन वाजता चौदा नंबरच्या कॅमेऱ्यात तुला काय दिसलं?"

फोनमधून आवाज आला, अगदी नम्र. "आपण योग्य मुद्दा मांडला आहे. कॅमेरा क्रमांक चौदाचे चित्र स्पष्ट नव्हते. मागील नोंदींच्या आधारे अहवाल पूर्ण करण्यात आला."

"किती दिवस स्पष्ट नाही?"

"बारा दिवस."

"आणि बारा दिवस तू काय लिहिलंस?"

"सर्व ठीक."

सुभेदाराला त्या क्षणी भाऊसाहेबाची कीव आली. बिचाऱ्याला गुडघेसुद्धा नव्हते, तरी बसून राहिला.

मॅडम सुपरवायझरकडं वळल्या. "तुम्ही तर तिला समक्ष पाहिलं होतं ना? अकराशे छत्तीस वेळा?"

सुपरवायझरनं खिशातली दोन्ही पेनं आळीपाळीनं चाचपली. "मॅडम, अंधुक दिसायची."

त्या संध्याकाळी सुभेदारानं फाटकाच्या किल्ल्या, फोन, शिट्टी सगळं मॅडमच्या टेबलावर मांडलं आणि उभा राहिला. म्हणाला, "उद्यापासून येत नाही."

"कोण म्हणालं?" मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या, हातानं. "चौदा महिने राहिलेत ना? सुटका नाही तुमची. एक, तीनची फेरी परत चालू, तुमच्याच पायांनी, रोज. दोन, वरच्यांना मी सगळं लिहून कळवतेय. तुम्हाला लेखी ताकीद मिळणार, ती गपगुमान घ्यायची. तीन, रोज संध्याकाळी यंत्राचा अहवाल वर जायच्या आधी तुम्ही वाचायचा. जी ओळ बसून लिहिलीय असं वाटेल तिच्यावर बोट ठेवायचं. मग मी तिथं माणूस पाठवीन."

"मी?"

"मग कोण? माझ्याकडं कॉलेजात शिकलेली चार पोरं आहेत, त्यांना ती ओळ दिसत नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक." एवढं बोलून मॅडम पहिल्यांदा हसल्या. "आणि सुपरवायझर साहेब तुमच्याबरोबर येतील तीनला. समक्ष बघायला."

दुसऱ्या दिवशी मागच्या रस्त्यानं एक टेम्पो सावकाश येऊन थांबला, कुंपणाशी मिशा बघून तसाच उलटा पळाला. पण सुभेदारानं नंबर टिपला होता. पुढचं पोलिसांनी बघितलं.

आता रोज तीनला ते दोघं निघतात. सुपरवायझर धापा टाकतो, सुभेदाराचे गुडघे वाजतात. संध्याकाळी सुभेदार चष्मा लावून पडद्यासमोर बसतो आणि ओळीवर बोट ठेवतो. "ही बसून." "ही चालून." "ही बसून, आणि वर पाय टेबलावर." दहातल्या आठ वेळा त्याचा अंदाज खरा निघतो. उरलेल्या दोनांत तो नुसता खोडसाळपणा करतो, पोरांना उन्हात पळवायला. बायकोला हे कळल्यावर ती म्हणाली, "आयुष्यभर खोटं लिहिलंत त्याची शेवटी बढती मिळाली म्हणायची."

बोक्याचं मात्र एक राहिलं. धाकटीनं त्याला परत घेतलं नाही. ताकीद वाचायला सुभेदार मॅडमच्या केबिनमध्ये गेला होता, तेव्हा बोक्यानं पिंजऱ्याची खिटी आपणच पंजानं सरकवली आणि मॅडमच्या बुटात कार्यभाग उरकून खिडकीतून पसार झाला. आणि चार दिवसांनी बरोबर तीनला सुभेदार कुंपणाशी पोचला, तर फाटकाच्या नव्या कुलपाखाली बोका बसलेला. करडा, लठ्ठ, पाय चाटत.

सुभेदाराला इतका आनंद झाला, की एकोणीस वर्षांत झाला नसेल. त्यानं फोन तोंडाशी धरला, घसा खाकरला आणि ठसक्यात म्हणाला, "तीन वाजता मागच्या कुंपणाजवळ मांजर आढळली."

फोन नम्रपणे म्हणाला, "क्षमस्व. या परिसरातील मांजरीच्या नोंदी बनावट असल्याचे सिद्ध झाले आहे. कृपया प्रत्यक्ष फेरी मारून खरी माहिती द्यावी."

"अरे, बसलीय इथं! माझ्यासमोर!"

"कृपया प्रत्यक्ष फेरी मारावी."

सुभेदारानं भाऊसाहेबाला दोन अस्सल शिव्या हासडल्या. त्याही अहवालात गेल्या, आणि संध्याकाळी त्यांच्यावर बोट ठेवून त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "ही चालून." पण ते नंतर. त्या वेळी तो सुपरवायझरकडं वळला.

"साहेब, तुम्ही तरी सांगा त्याला. समक्ष बघताय ना?"

सुपरवायझर पाठ फिरवून दूर उभा राहिला होता. "मी?" तो म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. मी आता मांजर या विषयावर सही करत नाही."

बोका उठला, आळस दिला, आणि सावकाश येऊन सुभेदाराच्या बुटाकडं पाठ करून उभा राहिला.

"हाड!" सुभेदार ओरडला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मांजर खरोखर हाकलली.